उन्हातली पुस्तके

पोथी लाल फडक्यात बांधून फडताळात ठेवायची, एवढे शहाणपण आपल्या आजीपाशी होते. ऊन कागदाचा वैरी, हे तिला कुणी शिकवले नव्हते.

पॅरिसमध्ये सीन नदीकाठी फ्रान्सचे राष्ट्रीय ग्रंथालय उभे राहिले, तेव्हा नेमका याच गोष्टीवरून वाद पेटला. वास्तुशिल्पी दॉमिनिक पेरो यांनी उघड्या पुस्तकासारखे चार काचेचे मनोरे योजले. अध्यक्ष मितराँ यांच्या हस्ते मार्च १९९५ मध्ये उद्घाटन झाले. मौज अशी, की वाचक खाली बागेभोवतीच्या दालनांत आणि लाखो पुस्तके वर काचेच्या मनोऱ्यांत! अभ्यासकांनी ओरड केली आणि काचेच्या आत लाकडी झडपा आल्या. काच मिरवायला, लाकूड राखायला!

काच ऊन सहज आत घेते. त्या उन्हाने तापलेल्या वस्तूंची उष्णता मात्र सहजी बाहेर सोडत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत बसणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. यावर उपाय म्हणून ऊन रोखणाऱ्या काचा निघाल्या. दुहेरी काचेच्या आतल्या अंगाला चांदीचे अतिशय पातळ थर देतात. उजेड बराचसा आत येतो, डोळ्यांना न दिसणारे उष्ण किरण परतवले जातात. उन्हातली जवळजवळ निम्मी ऊर्जा या अदृश्य किरणांतच असते. म्हणजे थंडाव्यावरचा खर्च वाचतो.

जर्मनीत हॅम्बुर्गच्या बंदरात, कोको-चहा-तंबाखूच्या जुन्या वखारीवर जानेवारी २०१७ मध्ये एल्बफिलहार्मोनी हे संगीतगृह खुले झाले. त्याच्या काचांवर ऊन अडवण्यासाठी बारीक ठिपके छापले आहेत. पण खरी हुशारी मांडणीत आहे. काचेलगत माणसांची वर्दळ. मुख्य सभागृह मात्र इमारतीच्या पोटात, काचेपासून दूर.

कारण काच कितीही गुणी असली, तरी आत आलेला उजेड कागदाची शाई आणि पैठणीचा रंग उडवतोच. म्हणून संग्रहालये अशा नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्सइतकाच, म्हणजे मंद दिव्याएवढाच उजेड पडू देतात.

बँकेत कर्जाचा अर्ज आला, की आम्ही आधी विचारायचो, "तारण काय?" ग्रंथालयाचे तारण म्हणजे त्यातली पुस्तके. आपल्याकडचे ऊन तर पॅरिसहून कितीतरी कडक. तेव्हा काचेची ऑर्डर देण्याआधी एवढे जरूर विचारावे: या काचेआड बसणार कोण, वाचक की पुस्तक?