जुन्या जीपला नवे इंजिन : यंत्राइतकीच कागदपत्रांचीही जुळणी आवश्यक

बेंगळुरू : मूळ विलीज बांधणीची महिंद्रा जीप, सैन्यात दीर्घकाळ सेवा दिलेली मारुती जिप्सी किंवा डिझेलवर धावणारी एमएम ५४० यांसारखी जुनी वाहने आजही अनेक कुटुंबांनी जिव्हाळ्याने जपली आहेत. बेंगळुरूच्या इंदिरानगर विभागाची ओळख असलेल्या ‘केए-०३’ मालिकेतील अशा वाहनांच्या मालकांसमोर कधी ना कधी एकच प्रश्न उभा राहतो : थकलेले मूळ इंजिन पुन्हा बांधून घ्यावे, की त्याजागी दुसरे अधिक सामर्थ्याचे इंजिन बसवावे? गॅरेजमध्ये हा प्रश्न खर्चाचा आणि ताकदीचा वाटतो. प्रत्यक्षात तो वाहनाच्या नोंदणीचा, विम्याचा आणि रस्त्यावरील सुरक्षिततेचाही आहे.

इंजिन बदलण्याची परंपरा

महिंद्रा कंपनीने विलीज जीपची जुळणी १९४७ मध्ये मुंबईत सुरू केली. त्यानंतरच्या सीजे-३बी जीपमध्ये २.२ लिटरचे चार सिलिंडरांचे ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन असे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि जीपमालक डिझेलकडे वळू लागले. महिंद्राने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना मिळवला आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे ही इंजिने तयार होऊ लागली. मूळ पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याचे काम पुढे देशभरातील गॅरेजांच्या अंगवळणी पडले.

जिप्सीची कथा वेगळी आहे. १९८५ मध्ये आलेल्या पहिल्या जिप्सीत ९७० घनसेंटिमीटरचे, सुमारे ४५ अश्वशक्तीचे इंजिन होते. १९९६ मध्ये ‘जिप्सी किंग’मध्ये १,२९८ घनसेंटिमीटरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन आले. २००० मध्ये कार्ब्युरेटरची जागा इंधन-इंजेक्शन प्रणालीने घेतली आणि शक्ती सुमारे ८० अश्वशक्तीपर्यंत पोहोचली. बाहेरून जवळपास तीच दिसणारी गाडी आतून एवढी बदलल्यामुळे, जुन्या जिप्सीत नव्या जिप्सीचे इंजिन बसवण्याचा मोह स्वाभाविक आहे.

आधी निदान, मग निर्णय

निळा धूर, चढावर दम तुटणे किंवा ऑइल लवकर कमी होणे, एवढ्या लक्षणांवरून इंजिन बदलण्याचा निर्णय घेणे घाईचे ठरते. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन आणि गरम इंजिनातील ऑइलचा दाब मोजल्यास झीज कुठे झाली आहे, याचा अंदाज येतो. कॉम्प्रेशन कमी असलेल्या सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजणी करतात. आकडा लक्षणीय वाढल्यास दोष रिंग व सिलिंडरच्या भिंतीत असण्याची शक्यता अधिक. न वाढल्यास संशय व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर जातो. डिझेल इंजिनाच्या बाबतीत बिघडलेला पंप किंवा नोझलही काळ्या धुराला आणि मंद चालीला कारण ठरतो. पंपाचे कॅलिब्रेशन करून घेतल्यावर इंजिन उतरवण्याची गरजच उरली नाही, असेही घडते.

बेंगळुरूत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. येथील हवा किनारपट्टीपेक्षा विरळ असल्याने टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्ती सुमारे ८ ते १० टक्के कमी भासते. मुंबई किंवा गोव्याहून आणलेली गाडी येथे सुस्त वाटली, तर तो दर वेळी इंजिनाचा दोष नसतो. कार्ब्युरेटरचे समायोजन तपासणे हा पहिला उपाय होय.

‘हाफ इंजिन’ आणि ‘फुल इंजिन’

गॅरेजच्या भाषेत हेड उतरवून व्हॉल्व्ह, पिस्टन आणि रिंगांपुरते केलेले काम म्हणजे ‘हाफ इंजिन’, तर क्रँकशाफ्टसह सर्व भाग खोलून केलेली पुनर्बांधणी म्हणजे ‘फुल इंजिन’. दुसऱ्या प्रकारात सिलिंडर किती झिजला आणि किती लंबगोल झाला, हे मोजले जाते. झीज मर्यादेबाहेर असल्यास लेथ कारखान्यात बोअरिंग करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठ्या मापाचे पिस्टन बसवतात. लायनर असलेल्या इंजिनात लायनर बदलतात. क्रँक घासून त्या मापाची बेअरिंगे घालतात. हेडचा पृष्ठभाग सपाट करून घेतात.

जुन्या पेट्रोल इंजिनांच्या बाबतीत इंधनातील बदलही महत्त्वाचा आहे. देशात २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. त्यापूर्वीच्या अनेक इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठकीला शिशाचेच संरक्षण होते. त्यामुळे पुनर्बांधणीच्या वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी कठीण धातूच्या सीट बसवणे हिताचे असते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जात असल्याने जुने रबरी पाइप, डायफ्रॅम आणि सील इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारचे घ्यावे लागतात. हा खर्च किरकोळ असतो. मात्र तो टाळल्यास इंधनगळती आणि आगीचा धोका संभवतो.

पुनर्बांधणीचा मोठा लाभ कागदोपत्री आहे. मूळ ब्लॉक तोच राहिल्याने त्यावर कोरलेला इंजिन क्रमांकही तोच राहतो आणि नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाला धक्का लागत नाही.

दुसरे इंजिन बसवताना

दुसऱ्या प्रकारचे इंजिन बसवणे म्हणजे केवळ चार माउंटिंगांचे वेल्डिंग नव्हे. इंजिनाचे वजन वाढले की पुढील पाटे, स्टिअरिंग आणि ब्रेक यांच्यावरील भार वाढतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळवण्यासाठी मध्ये घातलेल्या अडॅप्टरची जाडी बदलली, की प्रॉपेलर शाफ्टची लांबी व कोनही बदलतो. हा कोन चुकल्यास गाडी थरथरते आणि जोड लवकर निकामी होतात. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा कमी फेऱ्यांवर काम करते. त्यामुळे मूळ अ‍ॅक्सलचे दातप्रमाण तसेच ठेवल्यास महामार्गावर इंजिन सतत त्याच्या वेगमर्यादेजवळ फिरत राहते. कार्ब्युरेटरऐवजी इंधन-इंजेक्शनचे इंजिन घेतल्यास नियंत्रण संगणक, वायरिंग, उच्च दाबाचा पंप आणि टाकीकडे परत जाणारी इंधनवाहिनी हे सारे सोबत घ्यावे लागते.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो ब्रेकचा प्रश्न. ४५ अश्वशक्तीसाठी आखलेल्या गाडीला ८० अश्वशक्ती मिळाली, तरी तिचे ब्रेक, पाटे आणि चाकांमधील अंतर जुनेच असते. उत्पादकाने नवे इंजिन देताना केलेल्या इतर सुधारणा गॅरेजमधील बदलात आपोआप येत नाहीत.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल, असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट करून उच्च न्यायालयाचा निकाल रद्द ठरवला. सीएनजी, एलपीजी किंवा विजेवर वाहन चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्यास मात्र कायद्यात अटींसह मुभा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अनधिकृत फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे.

ब्लॉकला तडा गेल्यामुळे इंजिन बदलणे अपरिहार्य झाल्यास त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे आणि त्याच इंधनावर चालणारे इंजिन निवडणे हा सुरक्षित मार्ग होय. त्यासाठी परिवहन कार्यालयाची मंजुरी, इंजिन कोठून घेतले याचे बिल, प्रत्यक्ष तपासणी आणि प्रमाणपत्रात नव्या क्रमांकाची नोंद आवश्यक असते. भंगार बाजारातून बिलाशिवाय घेतलेले इंजिन चोरीच्या वाहनातील निघाल्यास मालकाला पोलीस चौकशीस सामोरे जावे लागू शकते.

पन्नास वर्षांहून जुन्या जीपच्या मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२१ मध्ये लागू झालेल्या ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नियमांनुसार, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेले, मूळ स्वरूपातील वाहनच या विशेष नोंदणीस पात्र ठरते. शक्तीच्या मोहापायी मूळ ‘हरिकेन’ इंजिन विकून टाकणारा मालक ही संधी कायमची गमावू शकतो.

विसंगती उघड होते तेव्हा

इंजिन क्रमांकातील तफावत अनेक वर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. ती उघडी पडते ती ठरावीक प्रसंगी : खासगी वाहनाच्या नोंदणीला १५ वर्षे पूर्ण झाल्यावर नूतनीकरण करताना, वाहन विकताना, अपघातानंतर विम्याचा दावा करताना आणि दुसऱ्या राज्यात स्थलांतर करताना. वाहन १२ महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवायचे असल्यास तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. नोकरीनिमित्त बेंगळुरूत राहून पुण्याला किंवा कोल्हापूरला परतणाऱ्या मराठी कुटुंबाची ‘केए-०३’ जीप तेथील परिवहन कार्यालयात तपासणीसाठी उभी राहते, तेव्हा प्रमाणपत्रात ‘पेट्रोल’ आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन, ही विसंगती गाडी अडकून पडण्यास पुरेशी असते. विमा कंपनीही न कळवलेल्या फेरफाराचा मुद्दा पुढे करू शकते आणि भरपाईचा भार मालकावर येण्याचा धोका राहतो.

विजेचा पर्याय

जुन्या वाहनाला विजेवर चालणारा संच बसवणे हा अलीकडील पर्याय आहे. त्यासाठी एआयएस-१२३ हे मानक असून पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया अर्थात एआरएआयसारख्या अधिकृत संस्था चाचण्या घेतात. मान्यता विशिष्ट संच आणि वाहनप्रकारासाठी असते. एका गाडीसाठी मंजूर झालेला संच दुसऱ्या कोणत्याही गाडीत बसवता येत नाही. डोंगरवाटांवर जाणाऱ्यांनी बॅटरीचे वजन, पाण्यातून जाताना लागणारी सीलबंद रचना आणि चार्जिंगची सोय यांचाही विचार करावा लागतो.

निर्णयाचा क्रम म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. प्रथम इंजिनाची मोजणी करून दोष निश्चित करावा. ब्लॉक वाचण्यासारखा असल्यास पुनर्बांधणीला प्राधान्य द्यावे. बदल अटळ असल्यास इंजिन विकत घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात मंजुरीची चौकशी करावी आणि काम पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्र व विमा या दोन्हींत नोंद करून घ्यावी. सुटे भाग पुन्हा मिळू शकतात. मात्र नोंदणी अडचणीत आलेली सुस्थितीतील जीपही दारात उभी करण्यापलीकडे उपयोगाची राहत नाही.