बीप वाजला म्हणजे बिल झालं?

किराणा, मेडिकल, स्टेशनरी, कापडाचं दुकान, गावातलं सार्वजनिक वाचनालय: हातात धरायचा बारकोड स्कॅनर आता जवळपास प्रत्येक काउंटरवर दिसतो. खोक्यातून स्कॅनर निघतो, यूएसबीची वायर निघते आणि घडी घातलेला एक कागद निघतो, ज्यावर दाटीवाटीने पंचवीस-तीस बारकोड छापलेले असतात. वायर जोडली की दिवा लागतो, मग त्या कागदाकडे कोणी बघत नाही. पुढे कधीतरी स्कॅनर विचित्र वागायला लागतो. माणूस बोलावला जातो, तो दोन मिनिटांत काहीतरी करतो आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जातो. ते ‘काहीतरी’ बहुतेक वेळा दुकानदाराला स्वतःला जमण्यासारखं असतं. अडतं ते या यंत्राबद्दलच्या समजुतींमुळे, आणि त्यातल्या बहुतेक समजुतींचं मूळ एकच आहे. स्कॅनर माल ओळखतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो फक्त टाइप करतो.

‘सीडी नाही, ड्रायव्हर नाही, मग चालणार कसा?’

बहुतेक हँडहेल्ड स्कॅनर कारखान्यातून येतानाच संगणकाला ‘मी कीबोर्ड आहे’ असं सांगतात. कीबोर्डचा ड्रायव्हर विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड सगळ्यांत आधीपासून असतो, म्हणून वेगळं काही टाकावं लागत नाही. स्कॅनर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे अंक करतो आणि एकेक कळ दाबल्यासारखे ते वायरीतून पाठवतो. ते अंक बोटांनी दाबले की स्कॅनरने पाठवले, हे बिलिंगच्या सॉफ्टवेअरला कळतही नाही.

म्हणून स्कॅनर बसवताना पहिली चाचणी बिलिंगमध्ये घेऊच नये. नोटपॅड उघडावं आणि बिस्किटाच्या पुड्यावर स्कॅनर धरावा. तेरा अंक उमटून कर्सर खालच्या ओळीत गेला, तर स्कॅनर, वायर, पोर्ट सगळं ठीक आहे; तक्रार असेल तर ती सॉफ्टवेअरमध्ये शोधायची. अंक आले पण कर्सर त्याच ओळीत थांबला, तर शेवटी एंटर पाठवण्याचं सेटिंग बंद आहे. अंकांऐवजी भलतंच उमटलं, तर संगणकाच्या कीबोर्डची भाषा तपासायची. बीप वाजला पण नोटपॅड कोरंच राहिलं, तर स्कॅनर बहुधा कीबोर्डऐवजी कॉम पोर्टच्या मोडमध्ये गेलेला असतो. ड्रायव्हरचा प्रश्न येतो तो मुख्यतः या मोडमध्ये, आणि साध्या दुकानाला त्याची गरज क्वचितच पडते.

टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्कॅनर जोडा’ असा पर्याय शोधत बसणारे भेटतात. तिथे जोडायचं असतं ते मालाच्या नावाशी बारकोडचा नंबर, उदाहरणार्थ अलायस म्हणून. तेवढं केलं की मालाच्या रकान्यात कर्सर ठेवून स्कॅन करायचं.

‘बीप वाजला म्हणजे बिलात गेलं’

बीपचा अर्थ कोड वाचला गेला, इतकाच. पुढे तो नंबर पडतो तो कर्सर असेल तिथे. कर्सर ग्राहकाच्या नावाच्या चौकोनात असला, तर नावाच्या जागी साबणाचा नंबर बसतो. एंटरचं सेटिंग गेलेलं असलं, तर दोन वस्तूंचे तेरा-तेरा अंक एकाला एक चिकटून सव्वीस अंकी नंबर होतो आणि सॉफ्टवेअर म्हणतं, असा माल नाही. गर्दीच्या वेळी कान बीपकडे असला तरी नजर स्क्रीनवर हवी.

‘भाव बारकोडमध्ये असतो’

सुपरमार्केटच्या काउंटरवर पहिली वस्तू स्कॅन झाली ती २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये. रिगलीच्या ज्युसी फ्रूट च्युइंगगमचं पाकीट होतं ते. त्या पट्ट्यांतही भाव नव्हता, फक्त नंबर होता. भाव दुकानाच्या संगणकात होता. आजही तसंच आहे. एमआरपी बदलली आणि कंपनीने नंबर तोच ठेवला, तर स्कॅनर नव्या पुड्यालाही जुनाच नंबर टाइप करणार आणि बिल जुन्या भावाने निघणार. दोष स्कॅनरचा नाही, माल भरताना न बदललेल्या एंट्रीचा आहे. अपवाद सुट्या मालाचा: मॉलमध्ये भाजी किंवा डाळ तोलून जी चिठ्ठी चिकटवतात, तिच्यावरच्या २ने सुरू होणाऱ्या नंबरात वजन किंवा रक्कम गुंफलेली असू शकते. पण तो नंबर त्या दुकानापुरताच असतो.

याच्याच जोडीला ८९०ची गोष्ट. ‘८९०ने सुरू होतो तो माल भारतात बनलेला’ असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. ८९० सांगतो ते एवढंच की त्या कंपनीने नंबर जीएस-१ इंडिया या संस्थेकडून घेतला आहे. माल कुठे बनला हे त्यावरून ठरत नाही. ते वेष्टनावरच्या मजकुरात वाचायचं.

‘स्कॅनर चुकीचा नंबर वाचतो’ ही शंकाही वस्तूंवरच्या तेरा अंकी कोडबाबत सहसा खरी नसते. शेवटचा अंक पडताळणीचा असतो. नमुन्याला ८९०१२३४५६७८९० घ्या. शेवटचा शून्य बाजूला ठेवून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक मिळवले की २८ होतात. उरलेल्यांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०, म्हणजे दहाने पूर्ण भाग जातो, म्हणून शेवटचा अंक शून्य. एक जरी अंक चुकीचा वाचला गेला तरी हा हिशेब जुळत नाही आणि स्कॅनर गप्प राहतो. बिलात चुकीची वस्तू येत असेल, तर आधी सॉफ्टवेअरमधली एंट्री बघावी.

‘प्रोग्रॅमिंग म्हणजे कॉम्प्युटरवाल्याचं काम’

इथे तो घडीचा कागद लागतो. स्कॅनरचं प्रोग्रॅमिंग म्हणजे त्या कागदावरचा योग्य बारकोड योग्य क्रमाने स्कॅन करणं. काही मॉडेलांना एकच कोड पुरतो. काहींत आधी ‘सेटिंग सुरू’, मग हवा तो कोड, मग ‘सेटिंग संपलं’ असे तीन स्कॅन करावे लागतात. शेवटी एंटर पाठवायचा की टॅब, बीप किती मोठा, कीबोर्ड मोड की कॉम पोर्ट, स्टँडवर ठेवल्यावर ट्रिगर न दाबता वाचायचं का, हे सगळं असंच ठरतं. तयार कोड नसेल तर मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर शून्य ते नऊ आणि ए ते एफ यांचे बारकोड असतात; अनेक मॉडेलांत ‘शून्य’ आणि ‘डी’ स्कॅन केलं की एंटर, ‘शून्य’ आणि ‘नऊ’ केलं की टॅब. झेब्राचं १२३-स्कॅन किंवा हनीवेलचं ईझेडकॉन्फिग यांसारखी सॉफ्टवेअरही हेच काम पडद्यावर करून देतात.

हे करताना बिघडतं ते बहुधा शेजारच्या कोडमुळे. कागदावर कोड इतके जवळ असतात की स्कॅनर भलताच उचलतो. हवा तो सोडून बाकीचे हाताने किंवा कोऱ्या कागदाने झाकावेत. दुसरं, मॅन्युअल त्याच मॉडेलचं हवं. एका कंपनीचे सेटिंगचे कोड दुसऱ्या कंपनीचा स्कॅनर ओळखत नाही. तो ते साधा मजकूर समजून टाइप करतो किंवा काहीच करत नाही. तिसरं, लेझर स्कॅनर असेल तर मॅन्युअलची पीडीएफ मोबाइलवर उघडून चालत नाही, छापूनच घ्यावी लागते.

सेटिंग स्कॅनरच्या आतल्या मेमरीत बसतं. वायर काढली, संगणक बदलला तरी ते टिकतं. ‘नवीन पीसी घेतला, आता स्कॅनर पुन्हा प्रोग्रॅम करायला लागेल’ असं कोणी सांगितलं तर आधी नोटपॅडवर बघावं.

‘काही बिघडलं की फॅक्टरी रीसेट’ हा उपाय मात्र जपून करावा. रीसेटचा कोड स्कॅनरला दुकानदाराच्या सोयीच्या नव्हे, कंपनीच्या मूळ सेटिंगवर नेतो. एंटर जाऊ शकतो, मुद्दाम चालू केलेले कोडचे प्रकार बंद होतात. रीसेटनंतर लागणारे दोन-तीन कोड आधी वेगळे छापून ठेवावेत. सगळेच प्रकार सरसकट चालू करण्याचा मोहही नको. कुरिअर आणि गोदामांत दिसणारा इंटरलीव्ह्ड टू ऑफ फाइव्ह हा प्रकार तिरका स्कॅन झाला, तर अर्धाच वाचून पूर्ण म्हणून स्वीकारला जाऊ शकतो. त्यासाठी अंकांची लांबी ठरवून द्यावी लागते.

आयात मालात आणखी एक घोळ होतो. अमेरिकी वस्तूंवर बारा अंकी यूपीसी असतो. एका काउंटरचा स्कॅनर तो बारा अंकी पाठवतो आणि दुसऱ्याचा पुढे शून्य लावून तेरा अंकी. एकच चॉकलेट एका काउंटरवर सापडतं, दुसऱ्यावर नाही. दोन्ही स्कॅनरवर हे रूपांतर सारखं ठेवलं की प्रश्न मिटतो.

‘स्कॅनर बिघडला, अक्षरं भलतीच येतात’

मराठीत काम करणाऱ्या दुकानांत, वाचनालयांत, कार्यालयांत ही तक्रार हमखास येते, आणि स्कॅनर बदलून देण्यापर्यंत मजल जाते. कारण सरळ आहे. स्कॅनर अक्षर पाठवत नाही, कळ पाठवतो. त्या कळीला कोणतं अक्षर हे संगणकावर त्या क्षणी चालू असलेली भाषा ठरवते. लेबलवर इंग्रजी मोठ्या लिपीत के, एच, एल असेल आणि विंडोजवर मराठी इन्स्क्रिप्ट चालू असेल, तर पडद्यावर ‘खफथ’ उमटतं. काही मराठी कळफलकांत अंकही देवनागरी होतात, आणि मग पडद्यावर नंबर बरोबर दिसूनही सॉफ्टवेअरला माल सापडत नाही. स्कॅन करण्याआधी कीबोर्ड इंग्रजीवर आणायचा, किंवा बिलिंगच्या खिडकीपुरती इंग्रजी भाषा ठरवून ठेवायची. कॅप्स लॉक चालू राहिला तर मोठी अक्षरं छोटी आणि छोटी मोठी होतात, तोही याच जातीचा दोष. क्यूआरमध्ये मुळातच मराठी मजकूर असेल, तर साध्या कीबोर्ड मोडमध्ये तो नीट उमटेल अशी अपेक्षा धरू नये. इंग्रजी कीबोर्डमध्ये देवनागरीसाठी कळच नसते.

एक्सेलमध्ये थेट स्कॅन करणाऱ्यांनी त्या रकान्याचं फॉरमॅट आधी ‘टेक्स्ट’ करावं. नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात, तेरा अंकी नंबर दशांश आणि ‘ई’ लावून आखडता दिसतो, आणि नंबर पंधरा अंकांपेक्षा मोठा असला तर पुढचे अंक शून्य होऊन कायमचे जातात. शेवटचं नुकसान नंतर फॉरमॅट बदलून भरून येत नाही.

‘लाल प्रकाश पडतो ना, मग क्यूआरही वाचेल’

लेझर स्कॅनर एका रेषेत पुढे-मागे फिरणारा किरण टाकतो आणि परतणारा उजेड मोजतो. क्यूआरची माहिती आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी पसरलेली असते, ती एका रेषेत मावत नाही. त्यासाठी आत कॅमेऱ्यासारखा सेन्सर असलेला टू-डी इमेजर लागतो. सेटिंग करून लेझर स्कॅनर क्यूआर वाचू लागत नाही. मोबाइलच्या पडद्यावरचा कोडही लेझरला नीट दिसत नाही, इमेजरला दिसतो. आणि इमेजरने काउंटरवरचा यूपीआयचा क्यूआर वाचला तरी पैशाचा व्यवहार होत नाही. खात्याच्या पत्त्याची एक लांब ओळ तेवढी टाइप होते.

लाल प्रकाशाचा आणखी एक परिणाम छोट्या उत्पादकांना भोवतो. मसाल्याच्या किंवा लोणच्याच्या पाकिटावर ब्रँडच्या रंगाला साजेसा लाल बारकोड पांढऱ्यावर छापला जातो. लाल उजेडात लाल पट्ट्या पांढऱ्यासारख्याच परततात, म्हणून स्कॅनरला तिथे काहीच दिसत नाही. पांढऱ्यावर काळं सुरक्षित. कोडच्या दोन्ही बाजूंची कोरी जागाही सजावटीसाठी खाऊ नये. कोड कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे स्कॅनर तिच्यावरून ठरवतो. वर चकचकीत सेलोटेप असेल तर स्कॅनर सरळ न धरता थोडा तिरका धरावा. किरणाने माल खराब होतो ही भीती मात्र निराधार आहे. बहुतेक लेझर स्कॅनर क्लास २चे, म्हणजे १ मिलिवॅटपर्यंतचे असतात. डोळ्यात रोखून बघू नये, एवढं पथ्य पुरे.

‘टू-डी घेतला की मेडिकलचं सगळं आपोआप येईल’

१ ऑगस्ट २०२३ पासून देशात ३०० ठरावीक औषध ब्रँडांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा आहे, बॅच आणि एक्स्पायरीसह. त्यामुळे मेडिकलवाले टू-डी स्कॅनर घेतात, आणि स्कॅन केल्यावर एका दमात आलेली लांबलचक ओळ बघून गोंधळतात. ज्या पाकिटावर जीएस-१च्या मांडणीचा कोड असतो, तिथे ०१ नंतर वस्तूचा चौदा अंकी नंबर, १७ नंतर एक्स्पायरी, १० नंतर बॅच, २१ नंतर सीरियल असा क्रम दिसू शकतो. २८०८३१ म्हणजे ३१ ऑगस्ट २०२८. एक्स्पायरीला नेहमी सहाच अंक, पण बॅचची लांबी ठरलेली नसते. म्हणून बॅच संपल्यावर एक न दिसणारं विभाजक चिन्ह असतं, आणि कीबोर्डवर त्या चिन्हाची कळ नाही. काही स्कॅनर ते गाळतात. मग ‘१०४५२१७०३’ एवढंच उरलं, तर बॅच ४५ आणि सीरियल ७०३, की अख्खी बॅचच ४५२१७०३, हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही. मॅन्युअलमध्ये या चिन्हाच्या जागी उभ्या रेघेसारखं दुसरं चिन्ह पाठवण्याचं सेटिंग शोधावं, आणि सॉफ्टवेअरवाल्याला तेच चिन्ह कळवावं. स्कॅनर विकत घेण्याआधी दुकानातलीच चार-पाच औषधांची पाकिटं नेऊन नोटपॅडमध्ये काय उमटतं ते बघावं. सगळ्या कंपन्यांची मांडणी सारखी नसते. कुठे सरळ वाचता येणारा मजकूर निघतो, कुठे अंकांची साखळी. बिलिंगचं सॉफ्टवेअर यातलं काय उलगडू शकतं, हे स्कॅनर विकणाऱ्याला नाही, सॉफ्टवेअरवाल्याला विचारायचं.