एका बाकावरची दोन राज्ये

नवापूर रेल्वे स्थानकाच्या फलाटावरून महाराष्ट्र-गुजरातची सीमा जाते. तिथला एक बाक दोन राज्यांत वाटला गेला आहे. त्यावर जरा सरकले की राज्य बदलते, नागरिकत्व बदलत नाही, कारण भारतात ते एकच आहे. देशाची सीमा ओलांडली की मात्र कर आणि नागरिकत्व यांच्या वाटा वेगळ्या होतात. भारताचा प्राप्तिकर मुख्यतः मुक्काम पाहतो: आर्थिक वर्षात 182 दिवस इथे राहणारा निवासी ठरतो. (15 लाखांवर भारतीय उत्पन्न असून इतर कुठल्याच देशात करपात्र नसलेल्या भारतीय नागरिकांसाठी 2020 मध्ये अपवाद आला.) अमेरिका आपल्या नागरिकाला जगात कुठेही गाठते. म्हणून तिचा पासपोर्ट घेऊन पुण्यात परतलेल्याला दोन्हीकडे विवरणपत्र भरावे लागते. 1989 चा करार दुहेरी कराचा बोजा हलका करतो, कागदपत्रे नाही.

भारतीय नागरिकत्व सोडले की इथला कर सुटेल, असे कोणी म्हणेल. सुटत नाही, इथल्या घराचे भाडे इथे करपात्रच राहते. जाते ते वेगळेच. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार परके नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डावर येता-राहता येते, पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. कर न देणाऱ्या अनिवासी नागरिकाला तरी मत कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. पण मत ही कराची पावती असती, तर प्राप्तिकराच्या मर्यादेखालच्या शेतमजुरालाही ते मिळाले नसते. परक्या नागरिकत्वाच्या अर्जावर सही करण्याआधी हे दोन हिशेब वेगवेगळ्या कागदांवर मांडा.