सुटीचा बेत आणि भंडारदरा

सुटी जवळ आली कीं मध्यमवर्गीय घरांत दोन प्रश्नांची चर्चा सुरू होते : कोठें जावयाचें आणि खर्च किती येईल ? केव्हां जावयाचें हा तिसरा प्रश्न बहुधा शाळेच्या वेळापत्रकावर सोपविला जातो. वास्तविक पाहतां प्रवासाचें यश ह्या तिसऱ्या प्रश्नावरच अधिक अवलंबून असतें. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस कॅरिबियन समुद्रांत जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद इत्यादि रमणीय बेटें आहेत. तेथें जाणारा शहाणा प्रवासी तिकिटापूर्वीं दिनदर्शिका पाहतो. कारण तेथें डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत कोरडा ऋतु असतो, आणि १ जून ते ३० नोव्हेंबर हा काळ त्या बाजूच्या चक्रीवादळांचा मोसम म्हणून गणला जातो. किनारा तोच, पाणी तेंच. परंतु महिना चुकला तर सारी सुटी खोलीच्या खिडकींतून पाऊस पाहण्यांत जावयाची.

हाच न्याय आपल्या घराजवळच्या भंडारदऱ्यासही लागू पडतो. अहमदनगर जिल्हा, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, म्हटला म्हणजे डोळ्यांपुढें उभे राहतात ते अवर्षणाचे माळ. नगर शहरीं वर्षाकाठीं सरासरी सहाशे मिलिमीटरांच्या आंतबाहेर पाऊस पडतो. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, अकोले तालुक्यांत, घाटघर आणि रतनवाडी या गांवीं त्याच्या कित्येक पट पाऊस कोसळतो. याचें कारण सह्याद्रि. अरबी समुद्रावरून येणारे ढग या भिंतीस अडतात, वर चढतांना थंड होतात आणि तेथेंच रिते होतात. पूर्वेकडे पोहोंचतो तो त्यांचा उरलासुरला अंश. एकाच जिल्ह्याचे दोन अगदीं भिन्न ऋतु कसे, हें मुलांस भूगोलाच्या पुस्तकापेक्षां या प्रवासांत अधिक चांगलें कळेल.

भंडारदऱ्याचा जलाशय हाही या विरोधाचेंच फळ आहे. पश्चिमेचें पाणी पूर्वेच्या तहानलेल्या जमिनीस मिळावें म्हणून प्रवरा नदीवर १९१० सालीं धरणाचें काम सुरू झालें आणि १९२६ सालीं तें पुरें झालें. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव त्यास देण्यांत आलें. दगडी बांधकामाच्या या धरणाची उंची सुमारें २७० फूट असून त्यांत अकरा अब्ज घनफुटांच्या सुमारास पाणी मावतें. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांतील उसाचे मळे ज्या कालव्यांवर उभे राहिले, त्यांचें मूळ येथें आहे. सहलीस येणाऱ्याला जो केवळ देखावा वाटतो, तो खालच्या शेकडों गांवांचा वर्षाचा आधार आहे, ही गोष्ट जलाशयाच्या कांठीं उभें राहतांना ध्यानांत असावी.

आतां ऋतूंचा विचार करूं. मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत, म्हणजे जूनच्या मध्याच्या सुमारास, येथें काजव्यांचा मोसम असतो. हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवर हजारों काजवे एका लयींत उजळतात व मालवतात. हा प्रकाश म्हणजे नराचें मादीस बोलावणें होय. मोटारींचे दिवे, हातांतील विजेऱ्या आणि गोंगाट यांमुळें त्या बोलावण्यांत व्यत्यय येतो. आणि मीलन टळलें कीं पुढच्या वर्षींचे काजवे तितकेच कमी होतात. यासाठीं गाडी दूर ठेवून, दिवा मालवून, शांतपणें पायीं जावें, आणि वनखात्याचे त्या वर्षींचे नियम आधींच विचारून घ्यावे. हा सारा प्रदेश १९८६ सालीं घोषित झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, हें विसरतां कामा नये.

जुलै व ऑगस्ट हे धबधब्यांचे महिने. डोंगराच्या कड्याकड्यावरून पाणी उडी घेतें. राजूरच्या वाटेवरील रंधा धबधब्यांत प्रवरा सुमारें १७० फूट खालीं झेपावते. दृश्य अपूर्व खरें, पण कुटुंब घेऊन जाणाऱ्यांनीं सर्वांत सावध राहावें तें याच दिवसांत. धुकें इतकें दाट असतें कीं दहा पावलांवरचा रस्ता दिसत नाहीं. शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाहीं. धरणांतून पाणी सोडल्यावर नदी पाहतां पाहतां चढते. रंध्याच्या कांठीं आजवर अनेकांचे प्राण गेले आहेत, आणि त्यांत पोहतां येणारेही होते. कठड्याच्या आंत राहून पाहिलेला धबधबा कांहीं लहान दिसत नाहीं.

ज्यांच्या घरीं वृद्ध मंडळी व लहान मुलें आहेत, त्यांना सप्टेंबरची अखेर व ऑक्टोबर हा काळ सर्वांत सोयीचा. जलाशय भरलेला, पाऊस ओसरलेला आणि पठारांवर सोनकीचीं पिवळीं फुलें पसरलेलीं असतात. रतनवाडीचें अमृतेश्वराचें प्राचीन कोरीव मंदिर यावेळीं निवांत पाहतां येतें. प्रवरेचा उगम याच रतनगडाच्या परिसरांतला. शेंडी गांवाहून निघून मुरशेत, घाटघर, साम्रद व रतनवाडी करून जलाशयास वळसा घालतां येतो. घाटघरच्या कड्यावरून खालचें कोंकण दिसतें.

डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे थंडीचे दिवस चढणाऱ्यांचे. महाराष्ट्रांतील सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, बारी या गांवावरून चढतां येतें. कठीण जागीं लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. तरी चढण्यास तीन-चार तास धरून चालावें आणि पहांटे निघावें. साम्रदजवळची सांदण दरी ही जमिनीस पडलेली खोल, अरुंद भेग आहे. तींत उतरावयाचें तें याच दिवसांत आणि गांवचा वाटाड्या बरोबर घेऊनच. पावसाळ्यांत ती पाण्याची वाट असते, माणसांची नव्हे.

प्रवासाची तयारी साधी आहे. नगरहून संगमनेर, अकोले, राजूर या मार्गानें अंतर दीडशे किलोमीटरांहून थोडें अधिक पडतें. मुंबईकरांस इगतपुरी स्थानकावर उतरून घोटीमार्गें येतां येतें. शनिवार-रविवार टाळतां आला तर खर्चही वांचतो आणि मनःस्तापही. जागा आधीं ठरवून ठेवावी. अनेक ठिकाणीं मोबाईलची रेंज मिळत नाहीं, म्हणून थोडी रोख रक्कम जवळ असावी आणि परतण्याची वेळ घरीं सांगून ठेवावी. नेहमींचीं औषधें विसरूं नयेत, कारण मोठ्या उपचारांसाठीं संगमनेर किंवा नाशिक गांठावें लागतें.

शेवटीं यजमानांविषयीं. या डोंगरांत महादेव कोळी व ठाकर समाजांची वस्ती आहे. भात, नाचणी, वरई हीं त्यांचीं पिकें. गांवठी बियाणें जपण्याच्या कार्याबद्दल २०२० सालीं पद्मश्रीनें गौरविलेल्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यांतल्या कोंभाळणे गांवच्या. शहरांतून डबे भरून नेण्यापेक्षां एखाद्या घरीं आधीं सांगून नाचणीची भाकरी, पिठलें व ठेचा जेवावा. वाटाड्यास ठरलेला मोबदला वेळेवर द्यावा. जातां-येतां राजूरचे पेढे घ्यावे. अशा रीतीनें खर्चिलेला पैसा ज्यांच्या अंगणांतून आपण जातों त्यांच्या हातीं पडतो. भाताच्या खाचरांच्या बांधावरून चालावें, रोपांतून नव्हे. आणि नेलेलें प्लास्टिक परत आणावें. तें पावसाच्या लोटाबरोबर ओढ्यांत, ओढ्यांतून जलाशयांत आणि तेथून प्रवरेच्या पाण्याबरोबर खालच्या गांवांपर्यंत जातें.