आधी कोण पडणार?

ताजे वृत्तपत्र काळजीने वाचले जाते, जुने करमणूक म्हणून. अक्षरे तीच असतात. फरक इतकाच की, जुन्या अंकाच्या वाचकाला दुसऱ्या दिवशी काय घडले हे आधीच ठाऊक असते. ज्या मथळ्याने एके काळी माणसांची झोप उडविली, तोच मथळा पुढे हसू आणतो, तो यामुळे. वाचनालयातील जुन्या फायलींवरची धूळ झटकणाऱ्या शिक्षकाने वा विद्यार्थ्याने या दृष्टीने 12 जुलै 1979 या दिवसाचे अंक अवश्य पाहावेत.

त्या गुरुवारी देशापुढे दोन पतनांचा प्रश्न होता. एक पतन आकाशातले. अमेरिकेने 14 मे 1973 रोजी अवकाशात सोडलेली स्कायलॅब ही सुमारे 77 टनांची प्रयोगशाळा खाली येत होती. दुसरे दिल्लीतले. मार्च 1977 मध्ये अधिकारारूढ झालेले मोरारजी देसाई यांचे सरकार डळमळत होते. खासबागेच्या कुस्त्या पाहून तयार झालेल्या कोल्हापूरकराच्या भाषेत सांगायचे, तर पाठ आधी कोणाची लागणार, एवढाच सवाल होता.

स्कायलॅबची कथा मोठी बोधप्रद आहे. शेवटचे अंतराळवीर फेब्रुवारी 1974 मध्ये तिच्यातून परतले आणि ती ओस पडलेल्या वाड्यासारखी पृथ्वीभोवती फिरत राहिली. पुढे यान पाठवून तिला वर ढकलावे, असा बेत होता. पण सूर्यावरील घडामोडी अपेक्षेपेक्षा वाढल्या, वातावरणाचे वरचे थर तापून फुगले आणि त्यांच्या घर्षणाने ती घसरू लागली. तिच्या मदतीला जाणारे स्पेस शटल पहिल्यांदा उडाले ते एप्रिल 1981 मध्ये. दुरुस्तीची मंजुरी येईपर्यंत इमारतच कोसळावी, हा प्रकार केवळ आपल्याच कचेऱ्यांत घडतो असे नाही, हे कळून कारकून मंडळींना थोडे समाधान वाटावे.

तिच्या मार्गाखाली 50 अंश उत्तर ते 50 अंश दक्षिण असा पृथ्वीचा पट्टा येत होता. कोल्हापूर सतराव्या अंशाच्या किंचित अलीकडे. म्हणजे अंबाबाईच्या देवळाचे शिखर, रंकाळ्याचा काठ आणि शाळांची कौले, सारीच यादीत! अमेरिकी तज्ज्ञांनी हिशेब मांडला होता : तुकडा कोणा ना कोणा माणसाला लागण्याची शक्यता 152 मध्ये एक, ठरावीक एका माणसाला लागण्याची 600 अब्जांत एक. जगाची लोकसंख्या तेव्हा चार अब्जांच्या घरात होती. तेव्हा गणिताच्या शिक्षकाला हा गुणाकार फळ्यावर एका ओळीत उलगडता आला असता. परंतु भीतीला गणित येत नाही. देशात पोलीस दलांना सज्ज राहण्याचे हुकूम सुटले, आणि गळक्या छपराखाली वर्षानुवर्षे निर्धास्त झोपणारा मनुष्यही आभाळाकडे संशयाने पाहू लागला.

दिल्लीतील पतनाचा हिशेब मात्र कोणालाच मांडता येत नव्हता. 11 जुलै रोजी यशवंतराव चव्हाण यांनी लोकसभेत सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला. यशवंतराव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेले. तेव्हा या बातमीशी गावाचे घरचे नाते होतेच. त्यांच्या पक्षाजवळ सरकार पाडण्याइतकी मते नव्हती. पण जनता पक्षातील उष्णताच इतकी वाढली होती की, बाहेरचा धक्का केवळ निमित्ताला पुरेसा होता.

त्याच 11 जुलैच्या रात्री, भारतीय वेळेप्रमाणे दहा वाजून गेल्यावर, स्कायलॅब पडली. परगावी जाणारा जो अंक त्याआधीच छापून मोटारीत चढला असेल, त्याने वाचकाला सकाळच्या चहाबरोबर एक शिळी भीती पुरविली असणार. तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीत विखुरले. कोणालाही इजा झाली नाही. तेथील एस्परन्स गावच्या पालिकेने कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेच्या नासा या संस्थेला 400 डॉलरचा दंड मात्र ठोठावला. नासाने तो भरला नाही. 2009 मध्ये एका अमेरिकी रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी जमवून तो फेडला. घरपट्टीच्या थकबाकीदारांनी हे उदाहरण जपून ठेवण्याजोगे आहे.

स्कायलॅब कोल्हापूर चुकवून गेली; सरकार मात्र अचूक पडले. ठरावावर मतदान होण्यापूर्वीच, रविवार 15 जुलै रोजी, मोरारजीभाईंनी राजीनामा दिला. 28 जुलै रोजी चरणसिंग पंतप्रधान झाले आणि यशवंतराव उपपंतप्रधान. हे सरकार तर लोकसभेचे तोंडही न पाहता 20 ऑगस्ट रोजी राजीनामा देऊन मोकळे झाले. कक्षेत स्थिरावण्यापूर्वीच खाली येण्याचा हा विक्रम अमेरिकेलाही साधला नव्हता.

इथवर हसणे ठीक आहे. परंतु फाईल आणखी महिनाभर पुढे चाळली, की हसू मावळते. 11 ऑगस्ट 1979 रोजी गुजरातेत मच्छू नदीवरील धरण फुटले आणि मोरबी शहर पाण्याखाली गेले; हजारो माणसे दगावली. आकाशातून येणाऱ्या संकटाचे वेळापत्रक साऱ्या जगाला पाठ होते. उशाशी असलेल्या पाण्याचा इशारा मोरबीला वेळेवर मिळाला नाही. आणि 12 जुलै ही तारीख तर महाराष्ट्राला आधीच ठाऊक असायला हवी होती. 1961 साली याच दिवशी पानशेतचे धरण फुटून पुणे वाहून गेले. धरण फुटले सकाळी. त्या पहाटे घरोघरी पडलेल्या अंकात तो पूर असणे शक्यच नव्हते.

जुने मथळे शिकवितात ते इतकेच. माणूस कशाला भितो हे मथळ्यात येते. त्याच्यावर काय कोसळणार आहे हे तेथे असतेच असे नाही. पुष्कळदा ते आतल्या पानावरच्या चार ओळींत असते. कोल्हापूरने 2005 आणि 2019 या सालांत पंचगंगेचे रौद्र रूप पाहिले. राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फुटांवर इशारा आणि 43 फुटांवर धोका, ही मोजणी येथील पोरासोरांनाही तोंडपाठ आहे. पावसाळ्यात दिल्लीत कोण पडणार याची चर्चा अवश्य करावी. तो आपला घटनादत्त हक्कच आहे. फक्त, त्याआधी बंधाऱ्यावरचा आकडा वाचून घ्यावा.