चांदीतला ३७

हातकणंगले तालुक्यातली हुपरी चांदीच्या पैंजणांसाठी नावाजलेली. दागिन्यावर ९२५ असा शिक्का असेल, तर हजार भागांत ९२५ भाग चांदी. उरलेलं बहुधा तांबं. चोख चांदी मऊ, पैंजणाच्या नाजूक कड्या तिच्यात तग धरत नाहीत.

पण सरळ ९०० का नाही? मूळ इंग्लंडात आहे. जुन्या ट्रॉय पौंडात २४० पेनीवेट; त्यातले २२२ चांदीचे असले की ती स्टर्लिंग. २२२ भागिले २४० म्हणजे ३७ भागिले ४०, म्हणजेच हजारी ९२५.

हा ३७ मोठा खट्याळ. तिनाने गुणा, १११. सत्ताविसाने गुणा, ९९९: हा तर जवळजवळ शंभर टक्के टंचाचा आकडा!

९९९चा वर्ग ९९८००१. मधोमध तोडून ९९८ आणि ००१ मिळवा, पुन्हा ९९९. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर अशाच संख्यांच्या मागे असत, म्हणून त्या ‘कापरेकर संख्या’. ३७च्याच पाढ्यातली ७०३ही त्यांतली: वर्ग ४९४२०९, करून पाहा.

९२५ला हे साधत नाही. वर्ग ८५५६२५, तुकड्यांची बेरीज १४८०. पण हे १४८० म्हणजे ३७ गुणिले ४०, स्टर्लिंगच्या अपूर्णांकातलेच दोन आकडे. ३७ येणं अटळ, कारण ९२५ आणि ९९९ दोन्ही त्याच्याच पाढ्यातले; ४० मात्र निव्वळ योगायोग, पण झकास.