केग धुतला म्हणजे तो स्वच्छ झाला असं नाही

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही, किंवा रिक्षाच्या आवाजात आकडे निसटले, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे ना" कमी केलेत.

सुरुवात एका व्हॉइस मेसेजने. अमेरिकेत राहणारा आपला एक श्रोता घरी बिअर बनवतो. त्याचा प्रश्न: "दादा, सलग तिसरी बॅच आंबट निघाली. रेसिपी तीच, यीस्ट तेच, केग दरवेळी सॅनिटायझरने धुतो. चुकतंय कुठे?"

मी त्याला एकच विचारलं, केगचे पोस्ट शेवटचे कधी उघडलेस? तिकडून उत्तर आलं, "ते उघडतात?"

बस्स. आजचा एपिसोड इथेच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कमेंटमध्ये तेच येईल. महाराष्ट्रात घरी बिअर बनवता येत नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे विनापरवाना मद्य बनवणं गुन्हा आहे. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली, म्हणून तो भाऊ बनवतो. मी नाही बनवत. माझ्याकडे 19 लिटरचा एक केग आहे, तो आल्याच्या सोड्यासाठी. पण धुण्याचं शास्त्र दोघांना सारखंच. उलट सोड्याला जास्त कडक. का, ते पुढे सांगतो.

मला यातलं काय कळतं?

आपल्या संभाजीनगरच्या एमआयडीसीत बिअरचे मोठे कारखाने आहेत हे तुम्हाला माहितीच आहे. वाळूजच्या एका कारखान्यात मी तीन वर्षं सीआयपी सेक्शनला होतो. सीआयपी म्हणजे टाक्या आणि पाइप जागेवरून न हलवता, न उघडता आतून धुणं. गरम कास्टिक फिरवायचं, पाणी, मग ॲसिड, पुन्हा पाणी, आणि शेवटी जंतुनाशक. आमच्या शिफ्टला एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "आधी घाण काढ, मंग जंतू मार. उलटं केलं तर दोन्ही राहतंय."

तीन वर्षं हे रोज केलं. आणि तरी घरी मीच चुकलो.

बहिणीच्या हळदीला मी गूळ-आल्याचा सोडा करायचं कबूल केलं होतं. गडबड इतकी, की केग नुसता पाण्याने विसळला, सॅनिटायझर टाकून हलवला आणि भरला. दोन दिवसांनी मांडवात पहिला ग्लास काढला तर कुबट वास, चवीला बुळबुळीत. तोपर्यंत चार-पाच ग्लास वाटले गेले होते. रात्री दोन पाहुण्यांची पोटं बिघडली. जेवणाने की माझ्या सोड्याने, कोण सांगणार? पण मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी उरलेला सगळा सोडा ओतून दिला. आपल्या शहरात नळ किती दिवसांनी येतो हे ज्याला माहीत आहे, त्याला ते ओतणं कसं वाटलं असेल हे वेगळं सांगायला नको. मग केग खोलला. आतली लांब नळी काढली, तिच्यात काळपट चिकट थर. मागच्या तीन-चार वेळचा.

तो थर म्हणजे काय?

जंतू एकेकटे फिरत नाहीत. पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण बनवतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. सकाळी ब्रश न करता दातावर जीभ फिरवा, जाणवेल. सॅनिटायझर वरचे जंतू मारतो, आवरणाखालचे राहतात. साखर आणि घाण त्याची ताकदही खाऊन टाकते.

आजीची लोणच्याची बरणी आठवा. आधी घासून धुणार, मग कडक उन्हात खडखडीत वाळवणार, मग हिंगाची धुरी. न घासलेल्या बरणीला आजी कधी धुरी देत नाही. क्लीनिंग वेगळं, सॅनिटायझिंग वेगळं.

बिअर बिघडवणारे ठरलेले भिडू आहेत. लॅक्टोबॅसिलस आंबट करतो, पेडिओकॉकस लोण्यासारखा वास आणतो, ॲसिटोबॅक्टरला हवा मिळाली की व्हिनेगर. पण बिअरमध्ये अल्कोहोल, हॉप्स आणि आम्लता असते, त्यामुळे आजार पसरवणारे जंतू तिच्यात सहसा टिकत नाहीत. चव जाते, पैसे जातात. गोड सोड्यात अल्कोहोल नाही, हॉप्स नाहीत. म्हणून तिथे हयगय चालत नाही.

आता काम, क्रमाने

एक. प्रेशर सोडा. झाकणावरची रिंग ओढून सगळा गॅस जाऊ द्या. आवाज पूर्ण थांबल्याशिवाय काहीही खोलायचं नाही.

दोन. सगळं सुटं करा. झाकण काढा, दोन्ही पोस्ट पान्याने खोला. एक गॅसचा, एक पेयाचा. कोणता कुठला याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आत एक लांब नळी, एक आखूड. रबरी रिंगा पाच: झाकणाला एक, पोस्टला दोन, नळ्यांना दोन. रिंगेला चीर किंवा वास असेल तर बदला, स्वस्त असतात.

तीन. घाण काढा. आधी साध्या पाण्याने विसळा. मग गिझरचं कडक, 55-60 अंशांचं पाणी आणि सोडियम परकार्बोनेट, लिटरला साधारण 4 ग्रॅम. पूर्ण केग भरायची गरज नाही, 5 लिटर पुरे. सुटे भागही त्यातच. झाकण लावून 20 मिनिटं उभा, 20 मिनिटं उलटा. यातून ऑक्सिजन सुटतो, म्हणून मधूनमधून केग सरळ करून रिंग ओढत राहा. लांब नळीतून बारीक लांब ब्रश फिरवा. तारेची घासणी नको, स्टीलवर ओरखडे पडतात आणि जंतू तिथेच घर करतात.

चार. विसळा आणि तपासा. आत टॉर्च मारा, बोट फिरवा, नाक घाला. बुळबुळीत लागलं किंवा वास आला तर पुन्हा तीन नंबरला. बिअरच्या केगमध्ये कधीकधी पांढरट-तपकिरी खडा बसतो, बिअरस्टोन. तो ॲसिडनेच सुटतो.

पाच. आता जंतू मारा. न विसळता वापरायचा ॲसिड सॅनिटायझर, बाटलीवरच्या प्रमाणात. माझ्याकडच्याला 19 लिटरला 30 मिली, म्हणजे 3 लिटरला साधारण 5 मिली. भाग जोडा, केग सगळ्या बाजूंनी फिरवा, दोन मिनिटं थांबा. मग गॅस लावून तो द्राव पेयाच्या नळीतूनच बाहेर ढकला. नळी, पोस्ट, तोटी सगळं आतून भिजतं, आणि केगमध्ये हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड उरतो. फेस राहिला तर राहू द्या, पुन्हा विसळू नका. विसळलं तर नळाचे जंतू परत आत.

आपलं पाणी

बोअरचं पाणी जड असतं. ॲसिड सॅनिटायझर त्यात गढूळ होतो आणि कमजोर पडतो. हा द्राव आरओच्या पाण्यात बनवा.

आणि वाचवा. 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने इथल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात केली होती, आठवतं ना? कारखान्यात शेवटच्या विसळणीचं पाणी पुढच्या वेळच्या पहिल्या विसळणीला वापरतात. घरी मी तेच बादलीत ठेवतो.

हे करू नका

ब्लीच वापरू नका. क्लोरीन स्टीलला बारीक खड्डे पाडतं. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये जीवावर बेतेल.

घरी कास्टिक नको. डोळे जातात. शिवाय कास्टिक कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. गॅस भरलेल्या बंद टाकीत ते सोडलं तर आत पोकळी होते आणि स्टीलची टाकी बाहेरच्या हवेने डब्यासारखी चेपते. म्हणून मामा आधी टाकी मोकळी करायला लावायचे.

बारमधला मोठा केग कुठून मिळाला तर खोलू नका. त्यातली नळी प्रेशरने गोळीसारखी सुटते. तशीही ती कंपनीची मालमत्ता असते.

त्या श्रोत्याचा काल फोटो आला. पांढऱ्या रुमालावर दोन नळ्या, पाच रिंगा, आणि एका पोस्टमध्ये तपकिरी चिखल. खाली लिहिलं होतं, "दादा, सापडला."

तुमचा केग नसेल, पण जिमचा शेकर असेल, स्ट्रॉवाली बाटली असेल. आज रात्री तिच्या झाकणातली रबरी रिंग काढून बघा. काय निघालं ते व्हॉइस मेसेजवर कळवा. भेटू पुढच्या एपिसोडला!